दत्तगुरूंचे पाच गुरू आणि आपली पाच इंद्रिये

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

अवधूताने चोवीस गुरू केले, ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने कीर्तनात किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली आहे. पृथ्वी, वायू, आकाश यांच्यापासून कोळी आणि कुंभारीण माशीपर्यंत ती यादी जाते. बहुतेकांना यादी पाठ असते. त्यातल्या काही गुरूंनी नेमके काय शिकवले, असे विचारले तर मात्र आपण "वैराग्य शिकवले" एवढेच सांगून मोकळे होतो. या चोवीसांतले चार-पाच गुरू आपल्या डोळ्या-कानांविषयी, म्हणजे बाहेरची माहिती आपल्यापर्यंत कशी येते आणि वाटेत तिचे काय होते, याविषयी शिकवतात. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या आपल्यासारख्यांना त्या शिकवणुकीची जितकी गरज आहे, तितकी पूर्वी कधी नव्हती. ती का, हे लेखाच्या शेवटी सांगतो.

मी शास्त्री नाही, डॉक्टरही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले. त्यामुळे उदाहरणे जमाखर्चाची येतील, ती वाचकांनी गोड मानून घ्यावीत.

कथा कुठे आहे

श्रीमद्‌भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायांत ही कथा येते. भगवान श्रीकृष्ण उद्धवाला यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद सांगतात. मूळ ग्रंथात त्या अवधूताचे नाव दिलेले नाही. परंपरा त्यांना श्रीदत्तात्रेयच मानते. मराठीत हा भाग आपल्याला संत एकनाथांमुळे मिळाला. नाथांनी एकादश स्कंधावरची आपली टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली काशीक्षेत्री पूर्ण केली.

या चोवीसांत पतंग, हत्ती, हरीण आणि मासा हे चार गुरू अनुक्रमे डोळा, त्वचा, कान आणि जीभ यांचे. भागवतात भ्रमराकडून अवधूताने वेगळे काही घेतले आहे, ते पुढे येईलच. पण 'विवेकचूडामणी'त आणि इतरत्रही हरीण, हत्ती, पतंग, मासा आणि भुंगा असे पाच जीव एकत्र येतात आणि तिथे भुंगा हा नाकाचा मानला आहे. सांगणे असे, की यातला प्रत्येक जीव एकेका इंद्रियाच्या मागे लागून प्राणाला मुकतो, मग ज्याला पाचही इंद्रिये आहेत त्या माणसाचे काय?

कामाची वाटणी

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे. इंद्रिये घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी. मला ही रचना बँकेच्या शाखेसारखी दिसते. इंद्रिये म्हणजे काउंटर. बाहेरून जे येईल ते घ्यायचे आणि आत पाठवायचे. मन म्हणजे नोंद करणारा कारकून. आलेल्या कागदाचा अर्थ लावून तो खात्यावर घालतो. बुद्धी म्हणजे सही करणारा अधिकारी. काउंटरवर आलेला प्रत्येक कागद खरा नसतो आणि कारकुनाची प्रत्येक नोंद बरोबर नसते, म्हणून तर सही लागते.

आपली अडचण अशी, की मनाची नोंद इतकी झटपट होते की आपल्याला वाटते, 'मी डोळ्यांनी पाहिले'. प्रत्यक्षात डोळ्यांनी थोडेसे पाहिलेले असते, बाकीचे मनाने भरलेले असते. हे पटत नसेल तर एक प्रयोग घरी करून पाहा. पांढऱ्या कागदावर दोन टिकल्या एका ओळीत, एकमेकींपासून सुमारे ८ सेंटिमीटरवर लावा. डावा डोळा झाका आणि उजव्या डोळ्याने डावीकडच्या टिकलीकडेच बघत राहा. कागद हळूहळू पुढे-मागे करा. साधारण ३० सेंटिमीटरच्या आसपास उजवी टिकली नाहीशी होते! डोळ्याच्या पडद्यावरून जिथे मज्जातंतू बाहेर पडतो, तिथे पाहण्याची शक्तीच नसते. फ्रान्समधल्या मारियोत या शास्त्रज्ञाने ही गोष्ट सतराव्या शतकात दाखवून दिली. गंमत म्हणजे तिथे आपल्याला भोक दिसत नाही, पांढरा कागद दिसतो. टिकली गेली, पण मनाने जागा कागदाच्या रंगाने भरून टाकली. जन्मभर ही रिकामी जागा घेऊन आपण फिरतो आणि पत्ताही लागत नाही.

हिशेब तपासणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. ८,६३० च्या जागी कुणी ८,३६० लिहिले, तर तोच माणूस दहा वेळा वाचूनही त्याला ते सापडत नाही, कारण त्याचे मन अपेक्षित आकडाच वाचते. म्हणून जुन्या खातेवहीच्या काळात एक ठोकताळा होता. फरकाला ९ ने भाग जात असेल तर आधी उलटे पडलेले अंक शोधायचे. वरच्या उदाहरणात फरक २७० आहे, त्याला ९ ने भागले की ३० येतात. दुसरी रीत अशी, की एकाने आकडे मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने टिकमार्क करायचा. डोळ्याने चुकवलेले कानाला सापडते. ही रीत लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

पतंग आणि डोळा

दिव्यावर पतंग झेपावतो आणि जळतो. रूपाचा मोह, असे आपण म्हणतो. अगदी अलीकडे, २०२४ साली, लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीचे कीटक टिपले. त्यांना असे दिसले की कीटक दिव्याकडे सरळ झेप घेतच नाहीत. उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची, हा त्यांचा उपजत नियम आहे. कोट्यवधी वर्षे उजेड म्हणजे आकाश, म्हणजे वर. त्यामुळे पाठ उजेडाकडे ठेवली की कीटक सरळ उडे. माणसाने खाली, बाजूला दिवा लावला. कीटक बिचारा आपला नियम पाळत राहतो, पाठ दिव्याकडे वळवत राहतो आणि म्हणून घिरट्या घालत अडकतो.

मला हे वाचून अवधूताचा पतंग जास्तच जवळचा वाटू लागला. पतंगाचे डोळे खोटे बोलत नाहीत. त्याचा नियमही चुकीचा नाही. नियम ज्या जगासाठी झाला ते जग बदलले, एवढेच. आपलेही तसेच आहे. 'वर्दी दिसली की अधिकारी', 'छापून आले की खरे', 'फोटो आहे म्हणजे घडले असणार', हे आपल्या पिढीचे नियम होते आणि त्या काळात ते बहुतेक वेळा बरोबरही ठरत. आज दिवा खाली ठेवला गेला आहे.

चंद्र हाही चोवीसांतला एक गुरू. कमी-जास्त होतात त्या कला, चंद्र आहे तेवढाच राहतो, हा त्याचा धडा. मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमेला सायंकाळी जन्मकाळ झाला की मंदिराबाहेर येऊन पूर्वेला बघा. उगवता चंद्र परातीएवढा वाटतो. मध्यरात्री तोच डोक्यावर आला की वाटीएवढा. दोन्ही वेळा हात लांब करून, एक डोळा मिटून, चिमटीतला हरभऱ्याचा दाणा चंद्रासमोर धरा. दोन्ही वेळा तो एकच दाणा चंद्राला झाकतो! चंद्र वाढलेला नसतो. क्षितिजावर घरे, झाडे सोबतीला असल्याने मन त्याला मोठा करून मांडते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. नातवंडांना बरोबर घेऊन हे करा, त्यांना गंमत वाटेल.

वयाप्रमाणे डोळ्याचे भिंगही बदलते. ते पिवळसर होत जाते, त्यामुळे निळ्या छटा मंदावतात. मोतीबिंदू काढल्यावर अनेकांना पहिल्या दिवशी आपला पांढरा सदरा निळसर-शुभ्र दिसतो, तो त्यामुळेच. आणखी एक. उन्हातून गाभाऱ्यापाशी आले की आपल्याला काही दिसत नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वेळ लागतो आणि उतारवयात तो आणखी लागतो. म्हणून मंडपात दोन-चार मिनिटे शांत बसावे, मग पुढे जावे. पायरीही चुकत नाही आणि दर्शनही नीट होते.

हरीण आणि कान

पारध्याच्या गाण्याला भुलून हरीण थांबते आणि बाणाला बळी पडते. कान हे सदैव उघडे इंद्रिय. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

पण कानाला डोळा सहज गुंडाळतो. आपले कोल्हापूर म्हणजे चित्रपटांचे माहेरघर. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथेच स्थापन झाली आणि १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपटही तिने इथेच तयार केला. बोलपटात सेकंदाला २४ स्थिर चित्रे पडद्यावर पडतात. (चोवीस! हा योगायोगच.) चित्रे स्थिर असतात, हालचाल आपले मन घडवते. आवाज तर नटाच्या तोंडातून येतच नाही, तो कर्ण्यातून येतो. तरी आपण शपथेवर सांगू की राजाच्या ओठांतून शब्द आले. डोळ्याने ओठ हलताना पाहिले की कान आपली साक्ष बदलतो.

उतारवयात ऐकू कमी येते ते सगळे सारख्या प्रमाणात नाही. आधी उंच पट्टीचे, बारीक आवाज जातात. 'स', 'श', 'फ', 'थ' अशी व्यंजने त्याच पट्टीत असतात, तर 'आ', 'ओ' हे स्वर खालच्या पट्टीत. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. स्त्रियांचा आणि मुलांचा आवाज आणखी निसटतो. मग घरोघरी तेच. सासरा म्हणतो, "सूनबाई तोंडातल्या तोंडात बोलते." सून म्हणते, "मामंजींना हवं तेवढंच ऐकू येतं." दोघेही खरे बोलत असतात! इंद्रियाच्या कमतरतेचा अर्थ मनाने 'माझा मान ठेवत नाही' असा लावला की घरात अढी बसते. ओरडून उपयोग होत नाही, कारण ओरडल्याने स्वरच मोठे होतात. समोर येऊन, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे. आणि ज्याला कमी ऐकू येते त्याने कानाचे यंत्र लावायला लाजू नये. चष्म्याची लाज वाटत नाही, मग यंत्राची कशाला?

इथे चोवीसांतली कुमारी आठवते. घरी पाहुणे आले आणि ती एकटीच भात कांडायला बसली. हातातल्या कांकणांचा आवाज होऊ लागला, म्हणून एकेक काढत तिने प्रत्येक हातात एकच ठेवले. आवाज थांबला. अवधूताने त्यातून एकांत घेतला. आपण त्यातून घरगुती नियम घ्यावा. दूरदर्शन चालू, मिक्सर चालू, मोबाईलवर व्हिडिओ चालू आणि त्यात कुणी महत्त्वाचे सांगत असेल तर आधी बाकीची कांकणे काढा. एका वेळी एकच आवाज.

भुंगा आणि नाक

कमळाच्या वासात गुंगलेल्या भुंग्याला संध्याकाळ झाल्याचे कळत नाही. पाकळ्या मिटतात आणि तो आत कोंडला जातो. लाकूड पोखरणाऱ्याला पाकळी फोडता येत नाही, असे कीर्तनकार रंगवून सांगतात.

नाकाचा स्वभाव असा, की ते नवी बातमी देते, जुनी देत नाही. मठात पाऊल टाकताच धूप-उदबत्तीचा दरवळ जाणवतो. दहा मिनिटांनी धूप तेवढाच असतो, पण आपल्याला वास येत नाही. जे सतत आहे त्याची नोंद नाक बंद करते. एरवी ही सोय आहे, पण स्वयंपाकघरात धोका. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्केप्टन मिसळतात. गळती सावकाश झाली तर आत बसलेल्याचे नाक सरावते, शिवाय वयपरत्वे वासाची शक्ती कमी होते. म्हणून बाहेरून आलेला कुणी "गॅसचा वास येतोय" म्हणाला तर "मला तर येत नाही" म्हणून वाद घालू नका. दिव्याचे बटण खाली-वर न करता दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा आणि १९०६ या क्रमांकावर कळवा.

मासा आणि जीभ

आमिषाला लागलेला मासा गळात अडकतो. भागवतात म्हटले आहे की उपवासाने बाकीची इंद्रिये आवरतात, जीभ मात्र उलट वाढते आणि ती जिंकल्याशिवाय सगळे जिंकल्यासारखे होत नाही. नृसिंहवाडीला दर्शन घेऊन बाहेर पडताना बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी दिसली की या वचनाची प्रचीती येते!

आपण जिला चव म्हणतो त्यातला फार मोठा भाग वासाचा असतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागते, कारण जीभ ठीक असते, नाक बंद असते. आणि आपल्या कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचा जो तिखटपणा, तो शास्त्राच्या लेखी चवच नाही. आयुर्वेद त्याला सहा रसांत कटू म्हणून मोजतो. पण मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला चिकटते, तो भाजल्याची सूचना देणारा आहे. डेव्हिड ज्युलियस यांना या शोधासाठी २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. म्हणजे मिसळीचा कट थंड झालेला असला तरी तोंड भाजल्याची बातमी मेंदूला जाते, घाम फुटतो. काउंटरवर खोटा कागद आला आणि आत धावपळ सुरू झाली, असाच प्रकार. पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दही किंवा दूध घ्यावे.

वय वाढले की चव-वास मंदावतात आणि भाजीत मीठ कमी वाटू लागते. रक्तदाब असणाऱ्यांनी अशा वेळी जिभेवर विसंबू नये. मीठ मोजून घालावे, चवीने नव्हे.

हत्ती आणि त्वचा

रानहत्तीला पकडण्यासाठी पारधी हत्तिणीचे आमिष ठेवतात. स्पर्शाच्या ओढीने तो येतो आणि खड्ड्यात पडतो.

स्पर्श हा खरे तर फार विश्वासू साक्षीदार. मुरलेला रोखपाल नोट बघण्याआधी बोटाने ओळखतो, कारण खऱ्या नोटेवरची छपाई उठावाची असते. रिझर्व्ह बँकेने नव्या नोटांच्या कडांना उठावाच्या तिरप्या रेषा ठेवल्या आहेत. शंभराला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन वर्तुळे, पाचशेला पाच. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही सोय आहे, पण आपणही अंधूक उजेडात तिचा उपयोग करावा. आजच पाचशेची नोट घेऊन कडेवर बोट फिरवून बघा.

पण त्वचेलाही मर्यादा आहे. थंडीत पहाटे पंचगंगेत किंवा वाडीला कृष्णेत उतरले की पाणी कोमट वाटते. दुपारी तेच पाणी गार वाटते. पाण्याचे तापमान फारसे बदललेले नसते, बाहेरची हवा बदललेली असते. त्वचा उष्णता मोजत नाही, फरक सांगते. तीन पातेल्यांत कढत, गार आणि कोमट पाणी घ्या. एक हात कढतमध्ये (सोसेल एवढेच), दुसरा गारमध्ये दोन मिनिटे ठेवा, मग दोन्ही हात कोमट पाण्यात घाला. एक हात म्हणेल गार, दुसरा म्हणेल गरम. पाणी एक, माणूस एक, साक्षी दोन! भावा-भावांत एकाच गोष्टीवरून भांडण होते तेव्हा हे पातेले आठवावे. कोण कुठल्या पाण्यातून आला आहे ते आधी बघावे.

बाण करणारा आणि लक्ष

पाच इंद्रिये झाली, पण या सगळ्यांवर ताबा असतो लक्षाचा. बाण सरळ करण्यात गढलेल्या कारागिराच्या शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, त्याला कळले नाही. अवधूताने त्याच्याकडून एकाग्रता घेतली.

१९९९ साली सायमन्स आणि चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खेळाडू चेंडू फेकत आहेत, पाहणाऱ्याने फेकी मोजायच्या. मधूनच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती चालत येते, छाती ठोकते आणि निघून जाते. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! अवधूताचा कारागीर इथे पुन्हा भेटतो. लक्ष एकीकडे बांधले की उघड्या डोळ्यांसमोरचे दिसत नाही.

नामस्मरणात आपण हेच जाणूनबुजून करतो. पारायण मोठ्याने वाचतो तेव्हा डोळा, जीभ आणि कान तिघेही एकाच कामाला लागतात, मन भटकायला जागा उरत नाही. मोठ्याने वाचलेले अधिक लक्षात राहते, हे प्रयोगांतही दिसले आहे. पण लक्ष बांधण्याची हीच विद्या दुष्टाच्या हाती गेली तर? आता मी सुरुवातीला राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो.

फोनवरचा पारधी

आमच्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षकांना सकाळी फोन आला. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये बंदी घातलेले पदार्थ सापडले, गुन्हा दाखल झाला आहे. मग व्हिडिओ कॉल. समोर वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, बिनतारी यंत्राची खरखर. "कॉल तोडायचा नाही, कुणाशी बोलायचे नाही, नाहीतर लगेच अटक." दिवसभर गुरुजी खुर्चीतून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुदत ठेव मोडायला बँकेत गेले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीला त्यांचा चेहरा ठीक दिसला नाही. तिने विचारले, "काका, बरं वाटत नाही का? घरी कुणाला फोन लावू?" तेवढ्या एका प्रश्नाने गाठ सुटली आणि पैसे वाचले. सगळ्यांना असा प्रश्न विचारणारे कुणी भेटत नाही. जन्माची पुंजी गेलेली आणि लाजेने घरातही न सांगणारी माणसे आपल्या आजूबाजूला आहेत.

गुरुजी अडाणी नव्हते. पारध्याने त्यांची इंद्रिये एकेक करून पकडली. वर्दी दाखवून डोळा पकडला, तिथे पतंग झाला. दरडावून कान पकडला, तिथे हरीण झाले. 'कॉल तोडायचा नाही' हे सांगून लक्ष पकडले, तिथे बाण करणारा झाला. जिथे धाकाऐवजी दामदुप्पट व्याजाचे आमिष असते, तिथे मासा होतो. बुद्धीला सही करायला वेळच मिळू दिला नाही.

'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. कोणताही पोलीस किंवा सरकारी अधिकारी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि 'तपासणीसाठी' पैसे भरायला सांगत नाही. असा फोन आला तर तोडावा. तोडल्याने गुन्हा होत नाही. पैसे गेले असतील तर एक क्षण न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थांबवली जाण्याची शक्यता जास्त.

मधुकरी

भुंग्याकडून भागवतातल्या अवधूताने जे घेतले ते आता सांगतो. भ्रमर अनेक फुलांतून थोडे-थोडे घेतो, कुठल्या फुलाला इजा करत नाही आणि लहान-मोठ्या सगळ्या फुलांतून सार घेतो. 'मधुकरी' हा शब्द यातूनच आला. दत्तमहाराज मध्यान्ही भिक्षेला करवीरात येतात, ही आपली श्रद्धा. त्या करवीरच्या रहिवाशांना मधुकरी वेगळी सांगायला नको.

माहितीचीही मधुकरी मागावी. एकाच घरची भिक्षा पोटभर घेऊ नये. मोबाईलवर आलेली एक बातमी, एक औषध, एक गुंतवणूक, एकाच्या सांगण्यावरून खरी धरू नये. दुसऱ्या घरी विचारावे, तिसऱ्या घरी विचारावे, मग झोळीतले निवडावे. डोळ्याने पाहिले तर कानाने पडताळावे, कानाने ऐकले तर कागदावर बघावे, कागदावर बघितले तर माणसाला विचारावे. आकडे मोठ्याने वाचून तपासण्याची जुनी रीत ती हीच.

रोजचे नेम

१. पैसे, सही किंवा ओटीपी मागणारा कोणताही फोन आला तर "विचारून सांगतो" म्हणून ठेवावा. घरातल्या एकाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२. बँकेने किंवा पोलिसाने फोन केला असे वाटले, तर पासबुकावरचा किंवा ठाण्याचा क्रमांक स्वतः शोधून उलट फोन करावा. आलेल्या क्रमांकावर नव्हे.

३. वर्षातून एकदा डोळे आणि कान दोन्ही तपासून घ्यावेत.

४. महत्त्वाचे बोलताना दूरदर्शन बंद करावे, समोरासमोर बोलावे.

५. वास, चव, मीठ आणि पायरी या बाबतीत घरातल्या तरुणांच्या इंद्रियांची मदत घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

६. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन करावे. गुरुचरित्राचा एक अध्याय असेल तर फारच उत्तम.

त्या पाच जीवांकडे प्रत्येकी एकच दोरी होती, तीच त्यांचा फास झाली. माणसाकडे पाच आहेत म्हणून तो पाचपट धोक्यात, असे शास्त्र सांगते आणि ते खरेच आहे. पण पाच असल्यामुळे एकाची साक्ष दुसऱ्याकडून तपासण्याची सोयही फक्त आपल्याला आहे, आणि वर सही करणारी बुद्धी आहे. पतंगाला शेजारच्या पतंगाला "अरे, हा दिवा आहे का आकाश?" असे विचारता येत नाही. आपल्याला येते. अवधूताने तर चोवीस जणांना विचारले. त्या विचारण्यात लहानपणा मानला नाही, म्हणून ते सर्वांचे गुरू झाले.

या दत्तजयंतीला पाळण्याची दोरी ओढताना एवढीच प्रार्थना करू या, की महाराजांनी दिलेली इंद्रिये शेवटपर्यंत चालती राहोत आणि ज्या दिवशी ती थकतील त्या दिवशी विचारायला कुणीतरी जवळ असो.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥